टूरिंग आरसी कार उजव्या वळणावर मागून फेकते : मागची पकड कशी वाढवावी?

चाकोरी (धागालेखक)

नमस्कार मंडळी. गेल्या दिवाळीपासून मी तामियाच्या टीटी-०२ चासीवरची १/१० प्रमाणातील, रिमोटवर चालणारी टूरिंग कार चालवतो आहे. पुण्याजवळ एका बंद कारखान्याच्या आवारात ट्रिमिक्स काँक्रीटचे मोठे मैदान आहे. तिथे मालकांच्या परवानगीने आम्ही सात-आठ जण दर रविवारी सकाळी अग्निशमनाचे जुने होज पाइप अंथरून ट्रॅक आखतो आणि ऊन चढेपर्यंत गाड्या चालवतो.

माझी अडचण अशी आहे की सरळ पट्ट्याच्या शेवटी थ्रॉटल सोडून गाडी उजवीकडे वळवली, की ती मागून फेकते आणि बऱ्याचदा पूर्ण गिरकी घेऊन उलट तोंडाने थांबते. पाच मिनिटांच्या फेरीत असे पाच-सहा वेळा होते. बिनचूक गेलेली लॅप १७.८ सेकंदांची होते, म्हणजे वेग पुरेसा आहे. त्याचा भरवसा मात्र नाही.

गाडीची सध्याची स्थिती अशी आहे. सर्वत्र बॉल बेअरिंग आहेत. किटमधील फ्रिक्शन डँपर (घर्षणावर चालणारे शॉक ॲब्सॉर्बर) काढून तेलाचे डँपर बसवले आहेत. मोटर ५४० आकाराची ब्रशवाली, बॅटरी ७.४ व्होल्टची दोन सेलची लिपो आणि राइड हाइट (चासीची जमिनीपासूनची उंची) चारही बाजूंना ६ मिमी आहे. डिफमध्ये (डिफरन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या गतीने फिरू देणारे गिअर) जाड ग्रीस भरल्याने गाडी स्थिर होते असे वाचल्यामुळे पुढच्या आणि मागच्या दोन्ही डिफमध्ये अँटीवेअर ग्रीस गच्च भरले आहे. स्प्रिंगा आणि डँपरचे तेल एका नामांकित युरोपीय चालकाच्या सेटअप शीटवरून (गाडीच्या जुळणीच्या तक्त्यावरून) निवडले असून त्यानुसार मागे कडक स्प्रिंगा आहेत. मागचे स्पॉयलर वाढवून पाहिले आणि रिमोटवर स्टिअरिंगचा डुअल रेट (चाके किती वळतील याची मर्यादा) कमी करून पाहिला, पण फरक नगण्य पडला. मागची पकड वाढवण्यासाठी सुरुवात कुठून करावी, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

तेलपाणी

धागा सविस्तर लिहिल्याबद्दल आभार. इतकी माहिती दिली की उत्तर देणाऱ्याचे निम्मे काम होते.

मागची पकड कमी आहे एवढ्यावरून निदान होत नाही. वळणात शिरताना, वळणाच्या पोटात आणि वळणातून थ्रॉटल देत बाहेर पडताना, अशा तीन वेगवेगळ्या वेळी गाडी मागून सुटू शकते आणि तिन्हींची कारणे वेगळी असतात. तुमची गाडी थ्रॉटल सोडल्यावर, म्हणजे शिरताना सुटते. थ्रॉटल सोडला की गाडीचे वजन पुढे झुकते. ढोबळ हिशोब मांडून पाहा. गाडी १,४०० ग्रॅमची, गुरुत्वमध्य जमिनीपासून ४० मिमी उंच आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधले अंतर) २५७ मिमी धरला, आणि गाडी गुरुत्वत्वरणाच्या निम्म्या दराने मंदावते असे मानले, तर ७०० गुणिले ४० भागिले २५७, म्हणजे सुमारे १०९ ग्रॅम भार मागच्या चाकांवरून पुढच्या चाकांवर जातो. मागे ७०० ग्रॅम होते, तिथे ५९१ उरतात. नेमक्या त्याच क्षणी तुम्ही स्टिअरिंग फिरवता. म्हणून या जागी मागची चाके सर्वांत दुबळी असतात आणि गाडीतला बारीकसा दोषही इथेच उघडा पडतो.

तुमच्या मजकुरातला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा शब्द 'उजवीकडे' हा आहे. डावीकडे वळताना असे होते का? होत नसेल, तर स्प्रिंग, तेल, टायर, टो-इन (चाकांचा आत वळलेला कोन) यांपैकी कशालाही हात लावू नका. या सगळ्या गोष्टी दोन्ही बाजूंना सारख्याच काम करतात. एकाच बाजूला गाडी सुटते याचा अर्थ गाडी डावी-उजवीकडे सारखी नाही, आणि असमान गाडीवर केलेले कोणतेही ट्यूनिंग फुकट जाते.

ते तपासण्याची पद्धत सांगतो. ग्रॅनाइटच्या दुकानातून फूट-दीड फुटाचा गुळगुळीत तुकडा आणा, तो टेबलावर ठेवा आणि पाणसळ लावून दोन्ही दिशांना सपाट करून घ्या. बॉडी काढा, बॅटरी जागेवर राहू द्या. गाडी ग्रॅनाइटवर ठेवून पुढून-मागून दोन-तीन वेळा दाबून सोडा, म्हणजे सस्पेन्शन आपल्या जागी बसेल. मागच्या दोन्ही टायरखाली पातळ कागदाची एकेक पट्टी सरकवा. आता घरातल्या कोणाला तरी कटरचे पाते चासीच्या मागच्या टोकाला बरोबर मधोमध लावून गाडी अगदी सावकाश वर उचलायला सांगा आणि तुम्ही दोन्ही हातांनी दोन्ही पट्ट्या हलक्या ओढत राहा. दोन्ही पट्ट्या एकाच क्षणी सुटायला हव्यात. एक आधी सुटली, तर त्या बाजूचे चाक आधी जमीन सोडते. हीच चाचणी पुढून उचलूनही करा. त्यानंतर चारही डँपर काढून सस्पेन्शनचा प्रत्येक आर्म हाताने वर उचलून सोडा. आर्म स्वतःच्या वजनाने पडला पाहिजे. अडखळत असेल, तर पिन जास्त आवळली आहे किंवा भोकात माती गेली आहे.

श्टुटगार्टकर

तेलपाणी यांच्याशी पूर्ण सहमत आहे. दुसऱ्या एका मुद्द्याबद्दल मला सावध करावेसे वाटते.

मी नोकरीनिमित्त जर्मनीत आहे आणि हिवाळ्यात इथल्या क्लबमध्ये कार्पेटवर टूरिंग कार चालवतो. तुम्ही जी सेटअप शीट उतरवली आहे ती कोणत्या पृष्ठभागासाठी आहे, हे तिच्याच वरच्या ओळीत लिहिलेले असते. कृपया ते वाचून पाहा. युरो टूरिंग सिरीज या स्पर्धामालिकेच्या हॉलमधील फेऱ्या कार्पेटवर होतात आणि तिथे टायरला ॲडिटिव्ह (पकड वाढवणारे द्रव) लावून इतकी पकड मिळते की गाडी घसरण्याऐवजी वळणात उलटते. म्हणून ते लोक कडक स्प्रिंगा लावतात, गाडी ५ मिमीच्या आसपास खाली आणतात आणि तिचे कलणे जमेल तितके कमी करतात. तुमच्याकडे धूळ असलेले काँक्रीट आहे. तिथे गाडीला थोडे कलू द्यावे लागते, कारण कलण्याच्या त्या हालचालीतूनच टायरवर दाब सावकाश वाढतो आणि रबराला जमीन धरायला वेळ मिळतो. त्या शीटमधील प्रत्येक आकडा तिच्या जागी बरोबर आहे, परंतु तो तुमच्या अडचणीच्या नेमक्या उलट्या अडचणीचे उत्तर आहे.

हाच तर्क अँटी-रोल बारलाही (गाडीचे कलणे रोखणाऱ्या आडव्या सळईलाही) लागू होतो. रबरावरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच वाढते. त्यामुळे वळणात बाहेरच्या चाकावर जितका जास्त भार ढकलला जातो, तितकी त्या जोडीची एकूण पकड घटते. मागे मऊ स्प्रिंग किंवा पातळ बार लावला, की भार ढकलण्याचे जास्तीचे काम पुढची जोडी करते आणि मागची जोडी तुलनेने समतोल राहते. मागची पकड वाढवण्याचे बहुतेक उपाय याच एका तत्त्वावर चालतात.

मृण्मयी_नाशिक

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, म्हणून लिहिते. आमच्याकडे डांबरी पार्किंगवर गाड्या चालतात. माझ्या गाडीत सस्पेन्शन ब्लॉकमधले प्लास्टिकचे छोटे तुकडे बदलून मागचे टो-इन अर्ध्या-अर्ध्या अंशाने बदलता येते. मी २ अंशांवरून ३ अंशांवर गेले, तेव्हा गाडी एका दिवसात चालवण्याजोगी झाली. मागची दोन्ही चाके पुढच्या बाजूने किंचित आत वळलेली असली, की बाहेरचे चाक वळणात शिरताच थोड्या कोनातच असते आणि बाजूची पकड लगेच द्यायला लागते. सरळ पट्ट्यावर वेग थोडा कमी होतो आणि टायर लवकर झिजतात, पण नवशिक्यासाठी हा सौदा फायद्याचा आहे. टीटी-०२ मध्ये त्यासाठी मागचे अपराइट (चाक धरणारे भाग) बदलावे लागतील.

टायरबद्दल कोणीच विचारले नाही, याचे मला आश्चर्य वाटले. टायर रिमला सगळीकडून चिकटलेले आहेत का? अंगठ्याने टायरची कड बाजूला लोटत पूर्ण गोल फिरून पाहा. एका ठिकाणी जरी फट दिसली, तरी वळणात तेवढा भाग रिमवरून सरकतो आणि गाडी कारण नसताना सुटल्यासारखी वाटते. सीए गोंदाचा (सुपरग्लूचा) एक थेंब तिथे सोडून दाबून धरा. प्रत्येक फेरीआधी ओल्या फडक्याने टायर पुसा. धुळीचा पातळ थर बसलेले महागडे टायर स्वच्छ पुसलेल्या साध्या टायरपेक्षा वाईट चालतात, हे मी स्टॉपवॉच लावून पाहिलेले आहे. वळणाच्या रेषेवरून खराटाही फिरवून घ्या. टायरचे कंपाउंड (रबराचा प्रकार) निवडताना हवेचे तापमान न बघता जमिनीचे बघावे. सोरेक्ससारख्या टायरवर २४, २८, ३२, ३६ असे आकडे असतात आणि जमीन जितकी तापलेली, तितका वरचा आकडा घ्यावा लागतो. एप्रिलमध्ये सकाळी आठला आणि अकराला एकच टायर एकसारखा चालेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

तेलपाणी

मृण्मयीताई, टायरचा मुद्दा माझ्याकडून राहून गेला, तो तुम्ही भरून काढलात. खरे तर तोच पहिला असायला हवा.

टो-इनबद्दल मात्र माझे मत सांगतो. तीन अंश टो-इन ही चांगली सोय आहे, परंतु त्याने मागचा दोष झाकला जातो. या गाडीत एका बाजूला काहीतरी बिघडलेले आहे असे दिसते. तीन अंश लावून ती तात्पुरती सावरली, तर मूळ बिघाड तसाच राहील आणि जमीन तापली की पुन्हा डोके वर काढेल. आधी तपासणी, मग टो-इन.

चाकोरी

सर्वांचे मनापासून आभार. रात्री जेवणानंतर बायकोला कटर धरायला सांगून तेलपाणी यांनी सांगितलेली चाचणी केली. मागून उचलताना उजव्या टायरखालची पट्टी अलगद हातात आली, तेव्हा डावी घट्ट धरलेली होती. डाव्या बाजूची पट्टी सुटेपर्यंत उजवे चाक जमिनीपासून दोनेक मिलिमीटर वर गेले होते. पाच वेळा केले आणि पाचही वेळा तसेच झाले. पुढून उचलल्यावर मात्र दोन्ही पट्ट्या एकदम सुटल्या.

मग मागचे दोन्ही डँपर काढून, पूर्ण ताणून, स्टीलच्या पट्टीवर शेजारी शेजारी ठेवले. उजवा दीड मिलिमीटरने आखूड भरला. उघडून पाहिल्यावर कारण सापडले. डँपरची ताणलेली लांबी मर्यादित करण्यासाठी पिस्टनखाली दांड्यावर एक छोटी प्लास्टिकची नळी बसवायची असते. उजव्या डँपरमध्ये ती जोडताना माझ्याकडून दोनदा बसवली गेली होती. डँपर आर्मच्या मध्यावर असल्यामुळे तिथला दीड मिलिमीटर चाकाशी पोहोचेपर्यंत वाढतो. उजवीकडे वळताना उजवे चाक आतले असते आणि वजन पुढे झुकून मागचा भाग उचलला गेला की खाली येण्यासाठी त्याला जागाच उरत नसे. म्हणजे वळणाच्या तोंडाशी माझी गाडी मागे एकाच चाकावर उभी होती. डावीकडे वळताना तेच चाक बाहेर असल्यामुळे दोष दिसत नव्हता.

जास्तीची नळी काढली, दोन्ही डँपरमध्ये तेल पुन्हा भरले, हवेचे बुडबुडे जाईपर्यंत दांडा सावकाश वरखाली केला आणि चाचणी परत केली. आता दोन्ही पट्ट्या एकत्र सुटतात. सेटअप शीटही पुन्हा वाचली. वरच्या कोपऱ्यात 'कार्पेट' असे स्पष्ट लिहिलेले आहे.

चाकोरी

रविवारचा वृत्तांत देतो. टायर पुसून, बाकी काहीही न बदलता, पाच-पाच मिनिटांच्या तीन फेऱ्या केल्या. शिरताना गाडी उजवीकडेही डावीकडइतकीच शहाण्यासारखी वागते. गिरक्या सहावरून दोनवर आल्या. त्या दोन आता वेगळ्याच ठिकाणी, वळणातून बाहेर पडताना थ्रॉटल दिल्यावर होतात, आणि दोन्ही बाजूंना होतात. पुढचे पाऊल कोणते असावे?

श्टुटगार्टकर

अभिनंदन. आता मागच्या डिफकडे वळा. डिफचे काम वळणात आतल्या आणि बाहेरच्या चाकाला वेगवेगळ्या गतीने फिरू देणे हे आहे. मागच्या डिफमध्ये अँटीवेअर ग्रीस गच्च भरले, की दोन्ही चाके जवळपास एकाच दांड्यावर बांधल्यासारखी होतात. वळणात एक चाक तरी त्यामुळे घासतच चालते, आणि थ्रॉटल दिल्यावर पकड सुटली तर दोघांची एकदम सुटते. पुढच्या डिफचे गणित निराळे आहे. स्पर्धेच्या टूरिंग कारमध्ये पुढे डिफच्या जागी सहसा स्पूल, म्हणजे पूर्ण बांधलेला दांडा असतो आणि तो थ्रॉटल देताना गाडीला सरळ ओढून धरतो. मागच्या गिअर डिफमध्ये साधारण ३,००० ते ७,००० सीएसटीच्या (हे तेलाच्या दाटपणाचे माप) दरम्यानचे सिलिकॉन तेल असते. म्हणून तुमच्या गाडीत पुढचे ग्रीस तसेच ठेवा आणि मागचे पूर्ण धुऊन हलके करा. टीटी-०२ चे डिफ पातळ तेल फार काळ धरून ठेवत नाही, तेव्हा तेल टाकले तर दर दोन-तीन रविवारी उघडून पाहावे लागेल.

मागचे डिफ फार हलके केले, तर बाहेर पडताना आतले चाक नुसतेच फिरेल आणि गाडी पुढे जाणार नाही. तसा आवाज ऐकू आला, की एक पायरी मागे या.

तेलपाणी

डिफबद्दल सहमत आहे. त्यासोबत मागच्या स्प्रिंगा मऊ करा, पण त्याच दिवशी नको. एका फेरीत एकच बदल करा आणि प्रत्येक बदलानंतर निदान दहा लॅपच्या वेळा वहीत लिहा. सर्वांत वेगवान लॅपकडे पाहू नका. दहा लॅपमधला वेगवान आणि संथ यांचा फरक किती, ते पाहा. मागची पकड आली की तो फरक आधी कमी होतो, वेग नंतर येतो.

नळी काढल्यामुळे ड्रूप, म्हणजे चाक खाली सुटण्याची मोकळीक, वाढला आहेच. खडबडीत काँक्रीटवर मागे भरपूर ड्रूप हवा, असे मी सुचवेन.

श्टुटगार्टकर

इथे मी थोडा असहमत आहे. मागे ड्रूप जास्त दिला, तर थ्रॉटल सोडल्यावर मागचा भाग जास्त उचलला जातो आणि तितके वजन पुढे झुकते. आम्ही कार्पेटवर शिरतानाची स्थिरता मिळवण्यासाठी मागचा ड्रूप उलट कमी करतो.

तेलपाणी

तुमच्या सपाट कार्पेटवर ते अगदी योग्य आहे. आमच्या काँक्रीटला दर तीन-चार मीटरवर कापलेले सांधे असतात आणि त्यात डांबर भरलेले असते. मागचे चाक खाली सुटायला मोकळे नसेल, तर सांध्यावरून जाताना ते क्षणभर हवेत राहते. धागालेखकांनी दोन्ही करून पाहावे आणि आकडे सांगावेत.

चाकोरी

दोन रविवार गेले. वहीतून उतरवून देतो.

पहिल्या रविवारी आधी फक्त मागचे डिफ बदलले. रॉकेलमध्ये धुऊन, वाळवून, त्यात ५,००० सीएसटीचे तेल भरले आणि झाकणाच्या कडेला अगदी पातळ ग्रीस लावले. बाहेर पडताना गाडी आता शांतपणे थ्रॉटल घेते. पाच मिनिटांत एकही गिरकी झाली नाही. दहा लॅपमधला फरक पूर्वी २ सेकंदांहून जास्त असे, तो ०.९ वर आला. त्यानंतर त्याच दिवशी शेवटच्या फेरीत मागे मऊ स्प्रिंगा लावल्या. फरक ०.६ झाला आणि चांगली लॅप १७.३ ची झाली. पोटात गाडी थोडी जास्त कलते आणि त्यामुळे ती सुटायला लागली, तर आधी कळते. मला यातले सर्वांत आवडलेले हेच आहे. पूर्वी गाडी सुटल्यावर कळत असे, आता सुटण्याआधी बोटांना वेळ मिळतो.

दुसऱ्या रविवारी ड्रूपची परीक्षा घेतली. दोन्ही डँपरमधील नळ्या पूर्ण काढल्यावर सांध्यांवरून गाडी छान वाहते, हे खरेच आहे. परंतु सरळ पट्ट्याच्या शेवटी जोरात ब्रेक लावला की मागून हलकी होते, म्हणजे श्टुटगार्टकर यांचे म्हणणेही खरे ठरते. अर्ध्या लांबीच्या नळ्या पॉलिश पेपरवर घासून एकसारख्या केल्या, कॅलिपरने मोजल्या आणि त्या बसवल्या. सध्या तेच ठेवले आहे. मागचा कॅम्बर (चाकांचा आत-बाहेर कल) उणे २ अंशांवरून उणे १.५ केला, कारण टायरची आतली कड बाहेरच्या कडेपेक्षा स्पष्ट जास्त झिजलेली होती.

मृण्मयीताई, टो-इन वाढवणारे अपराइट मागवले आहेत.

मृण्मयी_नाशिक

छान वृत्तांत. अपराइट आल्यावर आधी जुनेच ठेवून दहा लॅप करा, मग लगेच त्याच तापलेल्या जमिनीवर नवे लावून दहा लॅप करा. सकाळ आणि दुपार यांची तुलना होऊ देऊ नका. बदलल्यावर कागदाच्या पट्ट्यांची चाचणीही पुन्हा करा, कारण मागची चाके सोडून जोडताना डँपरचे स्क्रू एका बाजूला जास्त आवळले जाण्याची शक्यता असते.

चाकोरी

नक्की करतो. ग्रॅनाइटचा तुकडा आणि पट्ट्या आता ट्रॅकवर नेण्याच्या पेटीतच ठेवल्या आहेत. परवा आमच्यातल्या आणखी दोघांच्या गाड्या त्यावर ठेवून पाहिल्या. एकीच्या पुढच्या डाव्या चाकाची पट्टी आधी सुटली. तिच्या मालकाने ती गाडी जागीच उघडली असून एक आर्म पिनवर अडखळत असल्याचे दिसले आहे.